फेट्यापाशी बंद पडणारा संगणक

नीळकंठरावांनी संगणकाच्या पेटीचे झाकण उतरवले, स्क्रू बशीत टाकले आणि कूलर बंद करायला सांगितले.

मे महिन्यातले यवतमाळ, भर दुपार, आणि घरात बसलेला लेकीच्या सासरचा पाहुणा. पुंडलिकरावांचा हात बटनापाशी जाऊन थबकला. पण शेजारचे नीळकंठराव तंत्रनिकेतनात शिकलेले आणि पुढे जन्मभर तिथेच शिकवत आलेले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा, हा त्यांचा नेम. कूलरमुळे व्होल्टेज पडत असेल, तर आधी तो बाजूला काढला पाहिजे.

कूलर थांबला. नेरचे गुणवंतराव दुपट्ट्याने कपाळ पुसू लागले.

तंटा यांच्याच मानपानाचा होता. पुंडलिकरावांची आभा नेरच्या मंदारला दिलेली. गुणवंतराव मंदारचे काका. आईबापांमागे त्यांनीच त्याला वाढवले. लग्नात वरपक्षाच्या साऱ्या वडीलधाऱ्यांना फेटे बांधले, आपल्यालाच तेवढा नाही, असे त्यांचे म्हणणे. बांधला होता, असे पुंडलिकराव शपथेवर सांगत. मांडवपरतणीला आलेली आभा तेव्हापासून माहेरीच अडकली होती. सीडीत फेटा दिसल्याशिवाय तिला न्यायला नेरहून कोणी येणार नव्हते. गुणवंतराव कापसाचे अडते. एरवी त्यांनी फेट्याचे इतके मनाला लावून घेतले नसते. पण त्या साली भाव असा बसला होता, की बाजारात त्यांना रामराम घालणारेही विरळ झाले होते.

सीडी करायची होती शाहिदने. लग्नाचे चित्रीकरण त्याचेच. कॅसेट संगणकात उतरवून घेतल्यावर त्याने तिच्यावर पुढचे लग्न घेतले होते, त्यामुळे पुरावा म्हणून जे काही होते ते पुंडलिकरावांकडे उचलून आणलेल्या त्याच्या या पेटीतच. पेटी नीळकंठरावांनी सुटे भाग आणून स्वतः जुळवलेली. सीडीचे काम लावले की चित्र सरकत सरकत वरपक्षाच्या स्वागतापर्यंत येई, पडदा काळा होई आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. शाहिदने तिथे प्रत्येक फेट्याभोवती चांदण्या फिरवल्या होत्या. तेवढा भार यंत्राला झेपत नव्हता.

चांदण्या काढून टाक, असे पुंडलिकरावांनी सुचवून पाहिले. गुणवंतरावांनी ते तिथल्या तिथे मोडून काढले. दुनियेच्या फेट्यांना चांदण्या आणि नेमक्या आपल्याच सीडीत नाहीत, हे त्यांना चालणार नव्हते.

कूलर बंद ठेवूनही पडदा त्याच जागी काळा झाला.

"नवरीसारखं लाजून राह्यलं का हे?" गुणवंतराव म्हणाले.

नीळकंठरावांनी आतला छोटा पंखा ब्रशने झाडला. दरवर्षी त्यात कापसाचे तंतू गुंतलेले असत. यंदा जिनिंगच इतके कमी चालले, की तेही निघाले नाहीत. मग पॉवर सप्लाय बदलला. पडदा तिथेच काळा. आभा सरबत घेऊन आली, पेला काकांसमोर ठेवला, काळ्या पडद्याकडे एकदा पाहिले आणि आत गेली.

नीळकंठरावांनी प्रोसेसरवरच्या पत्र्याला बोट लावले आणि झटकन मागे घेतले. त्यांचा चेहरा उजळला. भार आला की हे तापते आणि तापले की जीव वाचवायला स्वतःच बंद पडते, असे त्यांनी वर्गात सांगावे तसे सगळ्यांना सांगितले. टेबल-फॅन मागवला आणि उघड्या पेटीत थेट वारा सोडला. घरातला उरलासुरला वारा यंत्राकडे गेला. गुणवंतरावांचा सदरा पाठीला चिकटला.

या वेळी चित्र थांबले नाही. स्वागत आले, चांदण्या फिरू लागल्या. आतापर्यंत नीळकंठरावांची नजर पेटीतच होती. आता त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे पाहिले.

पहिल्या रांगेत फेटे बांधणे चालू होते. मधल्या खुर्चीवर हातात पक्कड घेऊन ते स्वतः बसले होते. मांडवातला लाउडस्पीकर शिट्ट्या मारत होता आणि त्याची वायर नेमकी त्या खुर्चीमागून गेलेली. दुरुस्ती झाल्याझाल्या कोणीतरी डोक्याला गुलाबी फेटा गुंडाळू लागले, तेव्हा हा आपल्या कामाचा सत्कार समजून त्यांनी मान अदबीने पुढे केली होती. पडद्यावरही ती तशीच पुढे झाली. आणि खुर्चीमागे, बसायला जागा नसलेले गुणवंतराव हात मागे बांधून उभे होते.

नीळकंठरावांनी हळूच वळून पाहिले. गुणवंतराव दुपट्ट्याने तोंड पुसत होते.

"अरे, पाहुण्यांना वाराच नाही," नीळकंठराव म्हणाले, आणि त्यांनी पंख्याचे तोंड गुणवंतरावांकडे वळवले.

"सर, पंखा तिकडं कायले—" शाहिद अर्धवट उठला.

"असू दे."

थोड्या वेळाने पडदा काळा झाला. एकच गोष्ट बदलली होती. परिणाम त्यांना ठाऊक होता.

"याला हा भार पेलायचा नाही," ते पुंडलिकरावांना म्हणाले. हे वाक्य बोलताना त्यांनी आयुष्यात प्रथमच कारण सांगितले नाही.

नीळकंठराव पंख्याची बैठक दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. वारा पाहुण्यांवरून जरासुद्धा हलता कामा नये, अशा बेताने. गुणवंतरावांनी सावकाश सरबत संपवले.

"मंगळवारी मंदारले पाठवतो," ते म्हणाले. "आभाले म्हना, सामान बांधून ठेव."

आत बांगड्या वाजल्या.

नीळकंठराव त्यांना सोडायला दारापर्यंत गेले. गुणवंतरावांनी त्यांच्या खांद्याचा आधार घेत चपलेत पाय सरकवला आणि दुसरा शोधता शोधता खाली वाकूनच म्हणाले,

"मास्तर, गुलाबी रंग तुमाले बेस दिसते."