मामाची मांडी

मैनाबाईंनी चंदाचा फोन हातभर लांब धरला आणि दोन बोटांनी निळ्या पाण्याचा फोटो मोठा केला. घसरगुंड्या पडद्याबाहेर गेल्या, कडेला उभी असलेली कुणाची तरी ओली पोरं तेवढी उरली. पाणी किती खोल आहे ते मात्र कळेना.

"हे केवढं खोल आहे?"

"लेकरांचं वेगळं असते मावशी. घोट्याएवढं. नुसतं बसवाचं अन् पाणी उडवाचं."

"घोट्याएवढ्या पाण्यात बी लेकरू बुडते."

चंदाने वाद घातला नाही. ती सकाळच्या बसने दर्यापूरहून अकोल्याला आली होती आणि आल्यापासून मैनाबाईंचं सगळं ऐकून घेत होती. चंदा म्हणजे मैनाबाईंच्या जावयाची, अंकुरची, थोरली बहीण. तिच्या शाळेला सुट्ट्या लागल्या होत्या, म्हणून या सहलीची सारी व्यवस्था तिच्या गळ्यात पडली होती. नागपूरच्या रस्त्यावरच्या एका वॉटर पार्कमध्ये, तिथल्याच रिसॉर्टच्या खोल्यांत, दोन्ही घरच्या माणसांनी मुक्काम करायचा आणि तिथंच बाळाचं जावळ काढायचं असं ठरत होतं. बाळ आतल्या खोलीत झोळीत झोपलं होतं. बाहेर ऊन असं होतं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

बाळाचं नाव श्रावण. श्रावणातच झाला, आणि त्याच्या पाचवीच्या आधीच त्याची आई, मैनाबाईंची पौर्णिमा, दवाखान्यात वारली. तिच्या सासरी सासू नव्हती. सासरे खुशालराव म्हणाले होते, अमरावतीत मोठे दवाखाने आहेत, इथंच होऊ द्या. मैनाबाई अडून बसल्या. पहिलं बाळंतपण माहेरीच, हे त्यांनी मांडीवर हात आपटून सांगितलं आणि लेकीला घेऊन आल्या. त्यानंतर खुशालरावांनी त्या बोलण्याची एकदाही आठवण करून दिली नाही. करून दिली असती तर मैनाबाईंना जरा बरं वाटलं असतं.

आता अंकुरचं दुसरं लग्न जमत होतं. मुलगी दर्यापूरकडची, रेणुका. तिचंही पहिलं लग्न मोडलेलं. अंकुरने लग्न करावं हे आधी मैनाबाईंनीच सुचवलं होतं, आणि आपण मोठ्या मनाने सुचवलं म्हणून चार दिवस त्यांची मान ताठ होती. मग खरंच स्थळ आलं. दोन्हीकडच्यांनी निवांत भेटावं, बाळाला रेणुकाची सवय व्हावी, पण भेटायचं कुठं हा प्रश्न होता. अमरावतीच्या घरात दारासमोरच पौर्णिमाचा हार घातलेला फोटो. अकोल्याच्या घरातही तोच फोटो. पाहुणे येणार म्हणून तो उतरवायचा का, यावर खुशालराव एक आठवडा काहीच बोलले नाहीत, आणि मग म्हणाले, बाहेर कुठंतरी जाऊ.

"झोळीचं काय?" मैनाबाईंनी विचारलं. "त्याले पलंगावर झोप येत नाई. अन् हॉटेलाच्या छताले कडी थोडीच असन."

"स्टँडची झोळी आणतो ना गाडीत. अंकुरनं घेऊन ठेवली."

"दूध?"

"खोलीत पाणी गरम करायची किटली असते."

"थंडगार असते म्हणते तिथी. त्याची छाती भरते."

"एसी बंद ठेवू. तुमच्याच हातात राहीन ते. तुमी अन् श्रावण एका खोलीत, खालीच घेतली, तुमाले जिने नोको म्हणून. बाजूले बाबा. अंकुर अन् अमोलभाऊ एका खोलीत. पाहुण्यांच्या खोल्या तिकडून, हिरवळीच्या पलीकडं."

मैनाबाई कंबर कसून बसल्या होत्या. आपल्याला कुठंतरी कोपऱ्यातली खोली देतील, बाळ चंदाजवळ ठेवतील, आपण तिथल्या तिथे सुनावायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. भांडायला काही मिळत नव्हतं. त्यांनी चहाचे कप उचलले आणि पुन्हा खाली ठेवले.

"अन् जावळ काढन कोण? तिथला माणूस?"

आता चंदाला हसू आलं. "तिथल्या मॅनेजरले विचारलं मी. तो म्हणे, मॅडम, बर्थडेचं पॅकेज आहे, फुगे लावून देऊ. जावळ त्याले समजलंच नाई. वलगाववरून श्यामभाऊले घेऊन येऊ. अंकुरचं जावळ त्याच्याच बापानं काढलं होतं."

"अन् मांडीवर?"

हा प्रश्न त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर बसतं. पहिले केस मामाच्या मांडीवर पडतात, मामा बाळाला कपडे करतो, आणि त्या दिवसापासून त्या बाळाच्या बऱ्यावाईटाला तो बांधला जातो. नंतर कितीही भांडणं होवोत, लग्नाच्या मांडवात त्याला बोलवावंच लागतं आणि त्याला यावंच लागतं. मैनाबाईंचा अमोल कृषी केंद्रात कामाला होता. पेरणीच्या तोंडावर तिथं श्वास घ्यायला फुरसत नसते, तरी त्याने मालकाशी खटके उडवून या जावळासाठी सुट्टी मिळवली होती.

"मांडीवर अमोलभाऊच," चंदा म्हणाली. "बाबांनी पयलेच सांगून ठेवलं. त्यांनी म्हटलं, मामा तो मामा."

मैनाबाईंनी मान हलवली. वाईट कुणीच वागत नव्हतं, हीच पंचाईत होती.

कूलरचं पाणी संपत आलं तसा तो कोरडा आवाज करू लागला. चंदाने उठून त्यात दोन बादल्या ओतल्या, हात पदराला पुसले, आणि बसता बसता आवाज जरा खाली आणून बोलली.

"मावशी, तुमच्यापासून काय लपवाचं. रेणुका चांगली आहे. त्या दिवशी व्हिडिओवर श्रावणनं तुमच्या मानेत तोंड घातलं अन् तिच्याकडं पायलंच नाई, तर तिचा चेहरा उतरला. मले मंग विचारे, तो येईन का ओ माझ्याजवळ. पण तिचा भाऊ आहे न, पिंटू, तो थोडा कुरकुर करून राहिला."

"काहून?"

"त्याचं म्हणणं, माझ्या बहिणीनं पयलेच लय सोसलं, आता दुसऱ्याचं लेकरू काहून सांभाळावं. लग्न होऊ द्या म्हणते, पण लेकरू आजीजवळ आहे तर आजीजवळच राहू द्या. जीव लागला आहे तिचा. सणावाराले बाप येऊन भेटत जाईन." चंदाने घाईने पुढे जोडलं, "अंकुर नाई म्हणते. पण रोज रोज तेच ऐकलं की माणूस ढिला पडते."

मैनाबाईंना आनंद झाला होता. इतका झाला की तो तोंडावर दिसेल या भीतीने त्या उठून आत गेल्या आणि माठातून पाणी घेऊन उभ्यानेच प्यायल्या. या न पाहिलेल्या पिंटूचे त्यांना पाय धरावेसे वाटले. काही करायला नको होतं. रिसॉर्टवर जायचं, बाळाला खांद्यावरून खाली ठेवायचं नाही, आणि ते रेणुकाकडे पाहून रडलं की म्हणायचं, मी तरी काय करू बापा, त्याला माझीच सवय. दोन दिवसांत काम झालं असतं, आणि कुणी त्यांना नावही ठेवलं नसतं.

पेला हातात धरून त्या झोळीजवळ आल्या. श्रावण तोंड उघडं टाकून झोपला होता. हनुवटी पौर्णिमाची होती, कपाळ त्या घरचं.

मैनाबाईंच्या माहेरी असा एक मुलगा वाढला होता, त्यांच्या आत्याचा देवमन. आई गेली, बापाने दुसरं केलं, पोरगं आजोळी राहिलं. कुणी त्याला काही कमी केलं नाही. तरी तो मोठा होईपर्यंत दुसरी भाकरी विचारूनच घ्यायचा. बाप वारला तेव्हा देवमनला निरोप गेला, तो गेलाही, आणि सावत्र भावांनी खांदा दिला तेव्हा तो गावच्या लोकांत मागे उभा होता. तेव्हा मैनाबाई तिथं होत्या. पुढे हो म्हणून त्यांनी त्याला ढकललंही होतं, पण तो हलला नाही.

मोटारसायकल दारात थांबली. अमोल जेवायला आला होता, अंगाला बियाण्यांवर चोळतात त्या औषधाचा वास घेऊन. चंदाला पाहून त्याने हात जोडले, नळावर तोंड धुतलं आणि पाटावर बसला. मैनाबाईंनी त्याला वाढलं. चंदाने मघाचंच त्याला पुन्हा सांगितलं, पिंटूपर्यंत. अमोलचा घास हातात राहिला.

"मंग बरोबरच बोलून राहिला तो," अमोल म्हणाला. "राहू द्या न पोट्टं आमच्याजवळ. आमी काय उपाशी ठेवतो का त्याले?"

चंदा ताटाकडे पाहत राहिली. उत्तर मैनाबाईंनी दिलं.

"अमोल, तू मांडीवर बसू नोको."

"का?"

"त्या पिंटूले बसू दे."

अमोलने ताट थोडं पुढे सरकवलं.

"आई, मामा मी आहो."

"तू तर हायेसच. तुले कोण नाई म्हणते. त्याले करा लागन."

"तो लेकराले घरात नाई घेत म्हणते, अन् तू त्याच्या मांडीवर देतं?"

"म्हणूनच देतो. चार माणसांत त्याच्या मांडीवर जावळ निघालं, श्यामभाऊनं नारळ फोडला, की झाला तो मामा. मंग त्याच्या तोंडून दुसऱ्याचं लेकरू असं निघणार नाई. निघालं तं लोकं थुंकतीन. अन् ज्या घरात मामा येते, त्या घरात भाचा राहतेच."

"अन् मी काय करू? उभा राहून फोटो काढू?"

अमोलने बहिणीला खांदा दिला होता. तिचं पोर मांडीवर घ्यायचा एकुलता एक दिवस त्याच्या हातून आपण काढून घेतोय, हे मैनाबाईंना समजत होतं. त्यांनी त्याच्या ताटात भाजी वाढली. त्याने खाल्ली नाही, पण ताटावरून उठलाही नाही.

"मले विचारून तरी," तो एवढंच म्हणाला, आणि ते वाक्य त्याने पुरं केलं नाही.

चंदाचे डोळे भरले होते. "मावशी, तुमी असं काही सांगान हे मले वाटलंच नाई. बाबा ऐकतीन का नाई कोणास ठाऊक."

"ऐकतीन. म्हणा, मैनाबाईनं मागतलं. या घरानं त्यांच्याजवळ आजवर एकच गोष्ट हट्टानं मागतली होती. ही दुसरी." त्यांचा आवाज नेहमीसारखा सपाट होता. "अन् माझी खोली कॅन्सल करा. मी येत नाई."

"असं कसं मावशी. दोन दिवस तो तुमच्याशिवाय कसा राहीन?"

"मी असली तं तो कोणाकडंच जाणार नाई. मी नसली तं रडन, अन् रडून रडून जाईन."

बोलणं संपतं न संपतं तोच आत झोळी हलली. आधी कुरकुर झाली, मग नेहमीचा सूर लागला. अमोल डाव्या हाताने जमिनीला रेटा देऊन उठायला लागला. मैनाबाईंनी त्याला हातानेच खाली बसवलं आणि चंदाकडे पाहिलं.

"तुमी घ्या."

"मी? सकाळी माझ्याकडं पाहूनच भोकांड पसरलं होतं त्यानं."

"घ्या."

चंदा आत गेली. मैनाबाई मागचं दार उघडून अंगणात आल्या. डोळे दिपवणाऱ्या उन्हात दोरीवर बाळाचे कपडे वाळून कडक झाले होते. त्या एकेक काढून हातावर घेऊ लागल्या. आत रडणं चढत गेलं. मध्ये ते अडकायचं, दम घ्यायचं आणि पुन्हा उठायचं. हे कुठलं रडणं आहे ते त्यांना ओळखता येत होतं, हे भुकेचं नव्हतं, ओलं झाल्याचंही नव्हतं. हे त्यांना बोलावणारं होतं. चंदा काहीतरी गुणगुणत होती, सूर चुकत होता. मैनाबाईंनी पाय उचलला, दारापर्यंत गेल्या, आणि चौकटीला हात लावून तिथून परत फिरल्या. माझ्याकडे येऊ दे, असं त्यांच्या मनात इतक्या जोराने आलं की त्या मोठ्याने बोलल्या की काय असं त्यांना वाटलं.

अजून थोडा वेळ गेला आणि रडणं थांबलं.

मैनाबाई कान देऊन उभ्या राहिल्या. पुन्हा सुरू होईल म्हणून वाट पाहिली. झालं नाही.

"झोपला?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाई मावशी," आतून चंदाचा आवाज आला, आनंदाने भरलेला. "हसून राहिला."

मैनाबाईंनी आत न जाता हातावरचे वाळलेले कपडे एकेक करून पुन्हा दोरीवर घातले.