लाखात एक गाल

"भाऊ, कान बांधून संत्रं चाखते का कोनी?" बगीच्याच्या मालकीण माणिकबाईंनी विचारलं आणि मी मान खाली घातली.

नोव्हेंबर संपत आला होता, सकाळची वेळ होती. थंडी होती, नाही असं नाही. पण माझ्या अब्बांनी डोक्याभोवती जसा दुपट्टा आवळला होता तेवढी काही नव्हती. बाहेर फक्त डोळे, नाक आणि ओठ.

"कानात हवा जाऊन राहिली, बाई," अब्बा म्हणाले.

शेजारी उभ्या गोवर्धनशेठनी मान हलवली. ते संत्र्याचे व्यापारी, आणि अब्बा त्यांचे चाखणारे. आमच्या वरूडला बगीचा झाडावरच विकला जातो. सौद्याआधी चाखणारा चार कोपऱ्यांतल्या चार झाडांची फळं खाऊन पाहतो. नियम एकच, चेहऱ्यावर काही उमटू द्यायचं नाही. साखर लागो की चिंच, थोबाड दगड. मग मालकासमोर एक पायरी खाली बोलायचं. गोड असलं तर 'बरं हाय', बरं असलं तर 'आंबट'. खरं काय ते व्यापाऱ्याच्या कानात, नंतर.

अब्बांनी हे बावीस वर्षं केलं. "नियाजमियाचं थोबाड म्हंजे बंद कुलूप!" गोवर्धनशेठ सगळीकडे सांगायचे.

आता त्या कुलपाचं काय झालं ते सांगते.

अब्बांना फाक डाव्या गालात धरून बसायची सवय होती. रस हळूहळू सुटू द्यायचा, मग निकाल. त्यामुळे डाव्या कानाच्या पाळीखाली गाठ आली तेव्हा वर्षभर कोणाला काही वाटलंच नाही. सगळ्यांना वाटायचं, मिया फाक धरून बसलेत. अम्मीसुद्धा ओरडायची, "थुका ना ते आता!" एक दिवस अब्बा वरण-भाकरी खात होते आणि गाल तरी फुगलेलाच. अम्मीनं हात लावून पाहिला. कडक. दुखत नव्हता, हेच वाईट निघालं. आधी चुना-हळद झाली, मग दाताचा डॉक्टर झाला, मग अमरावती.

अमरावतीला मी गेले, कारण अम्मीला दवाखान्याचा वास सोसत नाही. मी तेव्हा नववीत होते आणि वर्गात हजेरीलासुद्धा माझा आवाज निघायचा नाही. डॉक्टर म्हणाले, लाळेच्या ग्रंथीची गाठ आहे, कॅन्सरची आहे, पण हळू वाढणारी. अब्बा जमिनीकडे बघत बसले. कोणीतरी काही विचारायला हवं होतं. खोलीत उरलं होतं कोण? मी.

"सर, पूर्ण निघते का?" मी विचारलं. आणि मग थांबलेच नाही. किती टाके? किरणांचा शेक द्यावा लागेल का? बोलता येईल का? खाता येईल का?

डॉक्टरांनी कागदावर गाल काढून दाखवला. चेहरा हलवणारी नस त्या ग्रंथीच्या मधूनच जाते, ती सांभाळत गाठ काढायची. ओठाचा कोपरा थोडा उतरू शकतो. "आणि हा आजार दुर्मिळ आहे," ते म्हणाले.

"दुर्मिळ म्हंजे?" अब्बांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"लाखात एखाद्याले होते, अब्बा."

परतीच्या एसटीत अब्बा तिकीट बोटाला गुंडाळत बसले. मोर्शी आलं तसे म्हणाले, "लाखात एक! बावा, आपल्या खानदानात असा कोनी झालाच नवता."

आम्ही दोघं इतकं हसलो की कंडक्टरनं वळून पाहिलं. त्या दिवशी माझं तोंड जे उघडलं ते अजून बंद व्हायचं आहे, असं अम्मी म्हणते.

गाठ सगळी निघाली. शेक लागला नाही. कानाची पाळी बधिर झाली, ओठाचा डावा कोपरा किंचित उतरला, तेवढंच. पण त्या कोपऱ्यातून रस गळायचा, म्हणून अब्बा बगीच्यात जाईनात. दिवसभर खाटेवर बसून रुमालाची घडी करायचे, उघडायचे, परत करायचे. यंदा आमच्याकडे विहिरी आटत होत्या, लोक संत्र्याची वाळलेली झाडं तोडून सरपणाला देत होते. कुऱ्हाडीचा आवाज आला की अब्बा कोणाचा बगीचा ते आवाजाच्या दिशेवरून ओळखायचे आणि त्याची चव सांगायचे. "गोवारीचा. पातळ साल, मधात बुडवलेलं फळ होतं."

मग दिवाळीच्या सुमारास तो प्रकार झाला. अम्मीनं निंबाच्या लोणच्याची बरणी उघडली आणि अब्बांच्या डाव्या गालावर घामाचे थेंब उभे राहिले. नुसत्या वासानं! उजवा गाल कोरडा ठाक. अम्मी रडायला लागली, आजार परत आला म्हणून. आम्ही पुन्हा अमरावती गाठलं.

डॉक्टर हसायलाच लागले. ऑपरेशनमध्ये तुटलेले लाळेचे बारीक तंतू परत वाढताना चुकून घामाच्या ग्रंथींना जाऊन जोडले गेले होते. तोंडाला पाणी सुटायच्या जागी गालाला सुटत होतं. त्रास काही नाही, म्हणाले.

"म्हंजे लाळेच्या लाइनीवर घामानं आकडा टाकला!" मी म्हणाले. आमच्याकडे आठ-आठ तास लोडशेडिंग, तारेवर आकडा टाकून वीज चोरणं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. अब्बा मात्र हसले नाहीत. आंबट खाल्लं की थेंब, गोड खाल्लं की काही नाही. चाखणाऱ्याचा गालच चहाडी करायला लागला तर त्याला बगीच्यात उभं कोण करेल?

म्हणून तो दुपट्टा. गोवर्धनशेठनी निरोप धाडला होता, "माणिकबाईच्या बगीच्यात ये. कुलूप शाबूत असन तं काम तुहं." अब्बांनी दाढी केली, दोन रुमाल घेतले. रविवार होता, तिसरा रुमाल धरायला मी.

आणि मी काय केलं? माणिकबाईंचा निम्मा बगीचा वाळला होता, उरलेल्या झाडांना त्यांनी बैलगाडीनं पाणी आणून जगवलं होतं. त्या मला फिरवून दाखवत होत्या, एकेका झाडाला हात लावत होत्या. मलाही काहीतरी भारी दाखवावंसं वाटलं. मी सांगून टाकलं, माझ्या अब्बांचा गाल लाखात एक आहे, कसा ते ऐका.

सांगून झाल्यावर कळलं, काय सांगितलं ते.

अब्बांनी फाक तोंडात टाकली. गालात धरली. ओठाच्या कोपऱ्यातून रसाची धार आली, त्यांनी रुमालानं टिपली. चेहरा दगड.

"आंबट हाय," ते म्हणाले.

माणिकबाई पुढे आल्या. "भाऊ, दुपट्टा सोडा जरा."

"काहून?"

"तुमची पोट्टी सांगत होती, तुमचा गाल खोटं बोलत नाई म्हून."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, जमिनीनं मला गिळावं, आणि ती तर इतकी भेगाळलेली होती की सहज गिळलं असतं.

"सोड ना बे," गोवर्धनशेठ हसत म्हणाले. त्यांना गालाचं काहीच ठाऊक नव्हतं. "कान पाहून काय करतीन त्या?"

अब्बांनी दुपट्टा सोडला. कानामागून गळ्यापर्यंत टाक्यांची रेघ, आणि तिच्यापुढे गाल. माणिकबाईंनी वाकून पाहिलं. मग शेजारच्या कागदी लिंबाच्या झाडाचं लिंबू तोडून कापलं आणि अब्बांपुढे धरलं. गालावर टपोरे थेंब उभे राहिले.

"आन् माह्या संत्र्यानं?" माणिकबाई म्हणाल्या. "कोरडा होता, भाऊ. कोरडा!"

गोवर्धनशेठचं तोंड उघडंच राहिलं. अब्बांनी रुमाल काढला, गालापर्यंत नेला आणि तसाच खिशात ठेवला.

"साखर हाय, बाई," ते म्हणाले. "बावीस वर्सांत इतकं गोड फळ खाल्लं नाई. आटलेल्या विहिरीवर कसं काढलं तुमी?"

माणिकबाईंनी पदर डोळ्यांना लावला, आणि लगेच हसायला लागल्या.

"मिया, तुहं काम संपलं," गोवर्धनशेठ म्हणाले आणि फटफटीला किक मारून निघून गेले. आम्ही घरापर्यंत चालत आलो. मी सगळ्या वाटेनं रडले. अब्बा म्हणाले, "रडून कायले राहिली? संत्रं खा." बाईंनी टोपलीभर दिली होती.

काम खरंच संपलं. बारा दिवसांसाठी. तेराव्या दिवशी गोवर्धनशेठ स्वतः दारात. माणिकबाईंनी गालाची गोष्ट गावभर केली होती, कोणीच मालक सौद्याला बसेना. सगळे म्हणत होते, 'आधी नियाजभाऊचा गाल आना.' आता अब्बा कोणाच्याच बाजूचे नाहीत. व्यापारी एकीकडे, मालक दुसरीकडे, मधे अब्बांची खुर्ची. मी दहावीत आहे, म्हणून फक्त रविवारी जाते.

काल एका बगीच्यात फळ आंबट निघालं. मालक तरुण होता, त्याचा चेहरा पडला. अब्बांच्या गालावर थेंब जमले, त्यातला एक टाक्यांच्या रेघेवरून घरंगळत सदऱ्याच्या कॉलरपर्यंत आला. पुसायला मी रुमाल पुढे केला.

"राहू दे, बेटा," अब्बा मान ताठ ठेवून म्हणाले. "त्याले नीट पाहू दे."