मुकादमाची डावी कोपरपट्टी

मित्रांनो, मी एक जुनी कोपरपट्टी आहे. डाव्या हाताची. माझं नाव तुमच्या कानावर आलेलं नसणार, कारण मी दुकानात विकत मिळत नाही. कॅनव्हासची एक नळी, आत फोमचा थर, त्यात लाकडी फूटपट्टी कापून घातलेले दोन तुकडे आणि वरून बकलाचे तीन पट्टे. माझ्यात हात घातला की कोपर वाकत नाही. कोपर वाकलं नाही की हात तोंडापर्यंत पोचत नाही. माझं काम एवढंच. उजवी पट्टी माझी सख्खी बहीण. आम्ही दोघी एकाच कपाटात राहतो, पण ती पहिल्यापासून अबोल, म्हणून सांगायचं माझ्यावर आलं.

गाड्यांची सीटकव्हरं शिवायच्या दुकानात माझा जन्म झाला. दुकान एका शिलाई यंत्राचं, मागच्या खोलीत घर. शिवणाऱ्याचा एकुलता एक मुलगा चाकांच्या खुर्चीत बसून बापाचं काम बघायचा. त्याची मान डुगडुगायची, पाय ताठ व्हायचे, जीभ जड होती, पण नजर घारीची. "बाबा, त्या कोपऱ्यात टाका सुटला," असं तो अडखळत सांगायचा आणि बाबा निमूटपणे उसवून पुन्हा शिवायचे. सगळी गल्ली त्याला मुकादम म्हणायची. मीही तेच म्हणते.

माझ्या जन्माआधीचं मी त्याच्या आईकडून ऐकलं आहे. ती धुलाईच्या कारखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि घरी आलेल्या प्रत्येकाला हे सगळं पुन्हा सांगायची, जणू कोणीतरी मध्येच म्हणेल की नाही हो, असं झालंच नव्हतं. तान्हा असताना मुकादमाच्या दुपट्यावर नारिंगी, बारीक वाळूसारखं काहीतरी दिसायचं. आईला वाटलं, कपड्याचा रंग जातोय. तिने धुतलं आणि विसरली. मग दात आले, आणि तो स्वतःचा ओठ चावू लागला. त्यानंतर बोटं. बोटांना कडू लावून झालं, रागावून झालं, एकदा बाबांनी चापटसुद्धा मारली. त्यानंतर ते डॉक्टरबाईंकडे गेले.

डॉक्टरबाईंनी बाबांचा धंदा विचारून घेतला आणि मगच सांगायला सुरुवात केली. "शरीरातल्या पेशींमध्ये प्युरिन नावाचे रेणू असतात. पेशी जुन्या झाल्या की ते सुटे होतात. शरीर ते टाकून देत नाही. तुम्ही जुन्या सीटचा चांगला फोम काढून पुन्हा भरता ना, तसं ते पुन्हा वापरतं. हे काम करणारं एक एन्झाइम याच्यात जन्मापासूनच नाही. मग उरलेल्या प्युरिनचं युरिक अ‍ॅसिड होत राहतं. ती नारिंगी वाळू म्हणजे तेच. त्यावर औषध आहे, ते आजपासून सुरू करू."

"आणि बोटं?" आईने विचारलं.

"मेंदूतल्या पेशी एकमेकींना सारखे निरोप धाडत असतात. त्या कामालाही प्युरिन लागतं. त्याची घडी विस्कटली की डोपामिन नावाचं रसायन कमी पडतं, आणि हाताला 'थांब' म्हणणारा निरोप पोचतच नाही. नेमकं कसं ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. आणि औषधाने तेवढं बरं होत नाही."

"पण त्याला दुखत नाही ना?"

"दुखतं. तुमच्या-माझ्याइतकंच. तो हे करत नाही हो, त्याला ते थांबवता येत नाही."

बाबा उठून बाहेर गेले. ती चापट त्यांना आयुष्यभर पुरली.

त्याच आठवड्यात त्यांनी मला शिवलं. तीन वेळा माप घेतलं, आणि तिन्ही वेळा ते मुकादमाने तपासलं. मी पहिल्यांदा त्याच्या हातावर चढले तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि बकल लागल्याबरोबर त्याने इतका मोठा श्वास सोडला की त्याची छाती खाली बसलेली मला कळली. मग तो हसला. इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा कधी आलं नाही. तो वाढत गेला तसं दर वर्षी बाबा मला उसवून लांब करत. मला रोज पुसत, उन्हात वाळवत.

बाहेर मात्र माझी छीथू व्हायची. "कसले आईबाप म्हणायचे हे, पोराला बांधून ठेवतात!" बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे. बोलणारे भले लोक होते, म्हणून तर जास्त लागायचं. आई पहिल्या पहिल्यांदा समजावून सांगायची, पुढे पुढे खिडकीबाहेर बघत बसायची. मला तोंड असतं तर मी त्यांना चांगलं सुनावलं असतं.

मुकादम सात वर्षांचा असताना आई तिच्या आईच्या आजारपणाला गेली, म्हणून बाबांची थोरली बहीण आठ दिवस राहायला आली. आत्या निवृत्त बालवाडी शिक्षिका. लेकरांवर तिचा जीव. आमच्याकडे बघून तिच्या घशाखाली घास उतरेना. पट्टे सोडू नकोस असं तिला बजावून बाबा एका गाडीला कव्हर चढवायला गेले, आणि तिने भर दुपारी आमचे पट्टे सोडले.

"नको, आत्या," मुकादम म्हणाला. "बांध. बांध ना."

"अरे, सवय झालीये तुला, म्हणून वाटतं तसं. बाबा येईपर्यंत तरी जरा मोकळा राहा. बांधून ठेवा असं कोणी स्वतःहून म्हणतं का?"

तिने आम्हाला खुंटीला टांगलं आणि त्याच्या हातात चेंडू दिला. त्याने तो जिवाच्या आकांताने धरून ठेवला. कपाळावर घाम आला. चेंडू सुटला तेव्हा त्याने दोन्ही हात मांड्यांखाली कोंबले आणि त्यांच्यावर भार देऊन बसला. आत्याला वाटलं, खेळतोय. ती पाणी आणायला आत गेली.

मित्रांनो, जो बाहेर आला तो डावा हात होता. माझा हात. मुकादम किंचाळत होता, "धरा, कोणीतरी धरा!" आणि मी चार हातांवर खुंटीला लोंबकळत होते.

तर्जनीचं एक पेर गेलं. बाबा त्याला दवाखान्यात घेऊन गेले. आत्या भिंतीशी बसून रडत राहिली. बोटाला मलमपट्टी करून आलेला मुकादमच तिला म्हणाला, "आत्या, रडू नको. मी नाही केलं. हातानं केलं. तू पण नाही केलंस."

त्यानंतर आत्या आपल्या घरी परतलीच नाही. शेजारच्या गल्लीत खोली घेतली आणि रोज सकाळी येऊन आमचे पट्टे बांधू लागली. वरचा, मग खालचा, मग मधला, मुकादम सांगेल त्याच क्रमाने.

तो अकरा वर्षांचा असताना ताप चढला. औषध चालू असूनही त्याची मूत्रपिंडं थकली होती. दवाखान्यात भरती केलं. आईबाबा खाली रक्ततपासणीच्या खिडकीशी उभे होते आणि खाटेजवळ फक्त आत्या. तेवढ्यात सिस्टर आल्या आणि माझ्या बकलाला हात घातला.

"हे काढावं लागेल. इथे पेशंटला असं बांधता येत नाही, आजी."

आत्या ताडकन उठली. "सोडू नका त्याला!"

वॉर्डातल्या सगळ्या माना वळल्या. "अहो, लेकरू रडतंय, दिसत नाही का तुम्हाला?" सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही सोडताय म्हणून रडतोय तो! मी एकदा सोडलं होतं. हे बोट बघा. बघा ना! माझं नका ऐकू, त्याला विचारा."

सगळा वॉर्ड तिला निर्दयी म्हणत होता, आणि ती मान खाली न घालता उभी होती. सिस्टरनी ते बोट बघितलं. मग वाकल्या. "बाळा, काय करू मी?"

"बांधा," मुकादम म्हणाला. "घट्ट. आणि वरचा पट्टा आधी."

सिस्टरनी खालचा आधी बांधला. त्याने तो सोडायला लावून पुन्हा बांधून घेतला.

मला जे मागायचं ते इथेच मागून घेते, मित्रांनो, कारण पुढचं सांगितल्यावर मला बोलवेलसं वाटत नाही. माझी काळजी घ्या असं मी म्हणत नाही, ती बाबांनी भरपूर घेतली. पण एखादं माणूस तुम्हाला स्वतःच्या शरीराबद्दल काही सांगत असेल, अडखळत, चमत्कारिक वाटावं असं, तर ते खरं माना. दया नंतर करा, आधी विचारा. आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा, जीभ जड असली की वेळ लागतो.

चौथ्या दिवशी दुपारी मुकादम गेला. डोक्याशी आई होती, पायांशी आत्या. आम्हाला सोडायला बाबा पुढे आले. एका हाताने पट्टा सोडायचा आणि दुसऱ्या हाताने मनगट घट्ट धरून ठेवायचं, ही त्यांची सात वर्षांची सवय. त्यांनी वरचा पट्टा सोडला, खालचा सोडला, मधला सोडला, आणि मी निघाले. मनगट त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"अहो," आई म्हणाली, "सोडा आता. आता तो काही करणार नाही."

बाबांनी ऐकलं. पण तो हात त्यांच्याच्याने सोडवेना. मी खाटेच्या कडेला रिकामी पडले होते. शेवटी आत्याने त्यांची बोटं एकेक करून उघडली.