काटा कुठे आहे

कॅप्टनना काटा दिसत नाही, ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि त्यांच्या बायकोला. निदान बायकोची तशी समजूत होती.

कॅप्टन हे धक्क्यावरच्या लोकांनी चेष्टेने ठेवलेलं नाव. उभी हयात विमा कचेरीत गेली आणि निवृत्तीनंतर हौसेने मोटरबोट घेतली. बोटीचं चक्र मेलं गरागरा फिरतं, पण पाण्याखाली सुकाणू कुठे वळलंय याचा हाताला पत्ता लागत नाही. त्यासाठी समोर एक छोटी तबकडी असते. तिच्यावरचा काटा मधे, तर सुकाणू सरळ. तो न बघता अरुंद जागेत बोट मागे घेतली की शेजारच्या बोटीचं वाटोळं ठरलेलं.

मध्यंतरी कॅप्टनच्या नजरेचा मधलाच भाग धूसर झाला. धक्का कळे, बोटी कळत, काटा मात्र काही केल्या दिसेना. तेव्हापासून दर रविवारी बायको शेजारी खेटून उभी. ते पुटपुटत, "कुठाय?" ही पुटपुटे, "मधे." लोक म्हणत, काय जोडी आहे! जोडीतल्या एकीला बोटीचा पार वीट आला होता. बहीण महिनाभर राहायला ये म्हणून मागे लागली होती आणि हिला चार दिवस हलायची सोय नव्हती.

"जा की खुशाल," कॅप्टन म्हणत. "मी एकटा काढीन बोट."

की ही बहिणीला पुन्हा नाही कळवून टाकायची. कुणाला सांगावं, तर ते म्हणत, "बोट गेली की मी मेलो समज." तिकडूनही तोंड बंद.

आज मुलगा, सून आणि नात आली होती. मुलाला बोटीतलं दोर सोडण्यापलीकडे काही येत नव्हतं, पण तो समजूतदार. त्याच्या कानावर घातलं की तो किल्लीच काढून घेईल आणि आपण सुटू, असं तिने रात्रीच ठरवलं होतं.

मुलाने दोर सोडले. वारा बोटीला डावीकडे, शेजारी बांधलेल्या एका दंतवैद्याच्या चकचकीत बोटीकडे रेटू लागला. नात मागच्या बाकावर त्याच बाजूला बसली होती.

"कुठाय?" कॅप्टन पुटपुटले.

काटा डावीकडच्या टोकाला होता. पण तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"यांना काटा दिसत नाही," ती मोठ्याने म्हणाली. "कधीपासून दिसत नाही. मी सांगते म्हणून चाललंय. मला आता नाही जमायचं."

कॅप्टनचे कान लाल झाले. सून पाण्याकडे बघू लागली. हिला मात्र इतकं हलकं वाटलं की रडूच येईल.

"माहीत आहे गं, आई," मुलगा म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"बाबांच्या डोळ्यांचं. डॉक्टरांनी मला तेव्हाच सांगितलं होतं. तू नसतीस तर बोट केव्हाच विकायला लावली असती. सांग ना लवकर, कुठाय काटा?"

तिने मागे पाहिलं. दंतवैद्याची बोट हातभर उरली होती आणि नातीने तिला शिवायला हात बाहेर काढला होता.

"आत घे गं हात!" ती ओरडली. "काटा पार डावीकडे आहे. उजवीकडे फिरवा. अजून. अजून थोडं. बास. हळू घ्या मागे."

बोट कुठेही न घासता बाहेर पडली.

"बघितलंस?" मुलगा कौतुकाने आपल्या बायकोला म्हणाला. "आई आहे तोवर काळजीच नाही."