कुंजलताची तीन बोटं

मित्रांनो, मी एक जुना बटा आहे. बटा म्हणजे काशाचं तबक, खाली उंच पाय. तुमच्याकडे पानाचा डबा असतो, तसा आमच्या आसामात बटा. सार्थेबारीच्या कासारांनी मला तापवून, ठोकून घडवलं. हातोड्याचे ठसे अजून अंगावर आहेत. माझ्यावर तामूल, म्हणजे ओली सुपारी, आणि पान ठेवून पाहुण्यापुढे केल्याशिवाय इकडे बोलणंच सुरू होत नाही. लग्नाचं आमंत्रण माझ्यावरून, आणि माफी मागायची तीही माझ्यावरूनच. केवढा मान! मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

भोगेश्वर तालुकदारांच्या घरी मी आलो तो त्यांच्या बायकोच्या, कुंजलताच्या माहेराहून. ती मला राखेने घासून लख्ख ठेवायची. दिवसाचं पहिलं तामूलही तिचंच आणि शेवटचंही. त्यावर चुना, चिमूटभर तंबाखू. एक वेळ भात नसला तरी चालेल, हे हवंच. पुढे साध्या आमटीनेही तिच्या तोंडाची आग व्हायला लागली. घास लहान होत गेला. "वय झालं," ती म्हणायची. बेचाळिशीत कसलं आलंय वय?

मग एकदा गावात नर्सबाई आली. आमच्याच अंगणात तिने बायकांना ओळीने बसवलं आणि म्हणाली, "तीन बोटं एकावर एक उभी धरा आणि तोंडात घाला." बायकांना हसू आवरेना. कुंजलताची दोनच बोटं गेली. मग तर हसण्याला ऊत आला. सगळ्यांत मोठ्याने हसली तिची नणंद हेमप्रभा. नर्सबाई मात्र हसली नाही. तिने बॅटरी लावून पाहिलं. गालाच्या आतून पांढरा चट्टा होता.

"काकू, तीन बोटं जात नाहीत म्हणजे सुपारीने तोंड आखडतंय. अजून वेळ गेलेली नाही. सुपारी, चुना, तंबाखू, तिन्ही आजपासून बंद. पालेभाजी खा, फळं खा. आणि शहरात जाऊन हा चट्टा कॅन्सरचा नाही ना, ते तपासून घ्या. मी तारीख घेऊन देते."

"उद्या भातही सोडायला सांगेल ही," भोगेश्वर बोलला.

कुंजलताने सोडलं. मला फळीवर पालथं घातलं आणि हात शिवशिवला की ती आवळ्याची फोड चघळायची. तिची मुलगी जुरी भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. बावीस रेघा झाल्या. मला राग यायचा हो. मला कोणी घासत नव्हतं, विचारत नव्हतं. माझ्यावर धूळ बसली याचंच मला दुःख, तिच्या गालाचं नाही. असा मी.

तेविसाव्या दिवशी हेमप्रभा मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. मला खाली काढलं, माझ्यावर तिने तामूल ठेवलं आणि वहिनीपुढे केलं. कुंजलताने दोन्ही हात जोडले, पण तामूल उचललं नाही. हातात आलं की तोंडात जाईल, एवढीच तिची भीती. नुसतं उचलून पदरात बांधलं असतं तरी भागलं असतं. पण बावीस दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला ते सुचतं कुठे?

"माझ्या पोराचं आमंत्रण परत करतेस?" हेमप्रभा ताडकन उठली. "बरं! बघतेच."

झालं. गोष्ट नामघरात, म्हणजे गावाच्या प्रार्थनाघरात गेली. चार वडीलधारे बसले आणि ठरलं, की कुंजलताने बटा पुढे ठेवून गुडघे टेकून माफी मागावी. तिने मागितली. हेमप्रभाने माझ्यावरच्या तामुलाचे दोन तुकडे केले, एक स्वतः खाल्ला.

"हा तू खा. माझ्यासमोर. चुना लावून."

"बाइदेउ," कुंजलता नणंदेला म्हणाली, "डॉक्टरला दाखवायचंय उद्या..."

"माफी तोंडाने मागितलीस ना? मग तोंड उघड."

कुंजलताने नवऱ्याकडे पाहिलं. भोगेश्वर चपला शोधत होता. तिने तोंड उघडलं, जेवढं उघडत होतं तेवढं.

"आणि उद्या शहरात जाऊ नकोस," हेमप्रभा चघळत म्हणाली. "लोक म्हणतील, आमच्या हातचं खाल्लं आणि दवाखान्यात गेली."

लोक खूश झाले. घरी आल्यावर कुंजलताने स्वतःच मला घासलं आणि भरलं. मी पुन्हा लखलखलो, मित्रांनो. दवाखान्याची तारीख गेली ती गेलीच. सव्वा वर्षाने जेव्हा नेलं, तेव्हा तिच्या तोंडात एक बोटही शिरत नव्हतं. शेवटी जुरी कापसाच्या बोळ्याने ओठांवर पाणी पिळायची, आणि निम्मं गालाला पडलेल्या भोकातून बाहेर यायचं.

तिच्या श्राद्धाला मांडवात लोक जेवून उठले. हेमप्रभाने हात पुसत हाक मारली, "जुरी, बटा कुठाय?"

जुरीने मला आणून तिच्यापुढे ठेवलं. मी रिकामा होतो.

"पेही," ती आत्याला म्हणाली, "आधी तीन बोटं घाल तोंडात. मग देते."

"आईच्या श्राद्धात चेष्टा करतेस?"

"आईने घातली तेव्हा तू किती हसली होतीस, पेही. घाल की."

सगळा मांडव बघत होता. हेमप्रभाने रागारागाने बोटं उभी धरली. दोन गेली. तिसरं दातांवर आपटलं. तिने परत घालून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. या वेळी कोणी हसलं नाही. मग तिने ओली बोटं पदराला पुसली आणि हलकेच म्हणाली,

"ते राहू दे. तामूल दे."

जुरीने मला पालथं घातलं. शेजारच्या बाईने कमरेची पिशवी सोडून हेमप्रभाच्या हातावर एक तुकडा ठेवला.

मित्रांनो, मी काशाचा आहे, मला हजार वर्षं काही होणार नाही. तुमची आई काशाची नाही. आज तिला म्हणा, तीन बोटं घालून दाखव. रागावली तर रागावू दे. आणि माझ्यासारखा कोणी तुमच्यापुढे आला, कितीही लखलखत असला, तरी हात मागे घ्या.