खणात ठेवलेला हजेरीचा फोन

“नंबर बदलतेस, बदल बापडी. पण ज्यांना जुना तोंडपाठ आहे, त्यांना कोण जाऊन सांगणार?”

चर्चमागच्या खोलीत शिडीवर चढून दिवा बदलता बदलता घंटेवाले काका असं म्हणाले होते.

“सगळ्यांना मेसेज टाकलाय, काका. एका दमात दोनशे माणसं!” ताई हसून म्हणाली. मग तिने मला चार्जरसकट टेबलाच्या खालच्या खणात ठेवलं आणि खण पायाने लोटून दिला. तिच्या कडेवर मुलगी होती, हात मोकळा नव्हता.

मित्रांनो, त्या खणातला जुना मोबाइल म्हणजे मी. माझ्या काचेला डाव्या कोपऱ्यातून तडा गेलेला आहे. माझ्या कव्हरवर दोन इवल्या दातांचे ठसे आहेत. आजकाल माझी बॅटरी फुगते, म्हणून मला फार वेळ बोलता येत नाही. पण ही एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बंद पडायचं नाही.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. आम्हाला कुणी नाव दिलं नाही, फक्त पाठीवर आकडे छापले. मग खोका, मग दुकानाची काच आणि एके दिवशी ताईचा हात. ताई तेव्हा कॉलेजातून नुकतीच बाहेर पडली होती. पहिला आठवडाभर ती मला रुमालात गुंडाळून ठेवायची. तिच्या मैत्रिणी चिडवायच्या, “अगं, फोन आहे तो, अंडं नाही!”

ताईचा स्वभावच तसा काळजीचा. पुढे तिला मुलगी झाली तेव्हा तर काही विचारू नका. मुलगी दुपारी झोपली की ताई दर पाच मिनिटांनी तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. मला पाळण्याच्या कठड्याला टेकवायची, दुसऱ्या खोलीतून आवाज ऐकू यावा म्हणून. मुलगी उठली की मला चावायची. दातांचे ठसे तेव्हाचे आहेत. काचेचा तडाही तिचीच कृपा.

मग साथ आली आणि चर्चची दारं बंद झाली. रविवारी बाकं रिकामी. पाळकसाहेब हवालदिल झाले. ताई म्हणाली, “माझ्याकडे फोन आहे, साहेब. तुम्ही उपासना घ्या, मी लोकांच्या घरी पोहोचवते.” तिने गीतांची पुस्तकं ठेवायच्या उभ्या स्टँडला मला सुतळीने बांधलं. पहिल्या रविवारी मी अख्खी उपासना उलटी दाखवली. दुसऱ्या रविवारी सगळं नीट झालं, पण शेवटी मला बंद करायला ताई विसरली. “संपलं बुवा एकदाचं, पाय मोडले माझे,” असं पाळकसाहेब म्हणाले, ते दीडशे घरांनी ऐकलं. पुढचा महिनाभर लोक त्यांच्या पायांची चौकशी करत होते!

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. चर्चचं पान, चर्चची वेबसाइट, चर्चचे मेसेज, सगळं माझ्या नंबरावर चालायचं. कोण आजारी, कुणाला बाळ झालं, कुणासाठी प्रार्थना करायची, हे सगळ्यांत आधी मला कळायचं. मी थोडा फुगलोही असेन. बॅटरी फुगायच्या कितीतरी आधी.

पण माझं खरं काम वेगळंच होतं. मंडळीत एकटी राहणारी अकरा माणसं होती. ताईने त्यांच्यासाठी एक रीत घालून दिली. रोज सकाळी आठच्या आत त्यांनी मला एकच शब्द पाठवायचा, ‘हजर’. ताईने स्वयंपाकघरात कपाटाच्या दारावर कागद चिकटवला होता. शब्द आला की ती नावापुढे खूण करायची. नऊपर्यंत आला नाही की फोन. फोन उचलला नाही की घंटेवाले काका किल्ल्यांचा जुडगा घेऊन सायकलवर निघायचे. एकदा एक आजोबा साडेनऊपर्यंत झोपून राहिले. काकांनी दार बडवून बडवून उठवलं तर आजोबा ओरडले, “मेलो नाहीये रे! जरा झोपू द्याल की नाही?” ताई मात्र त्या दिवशी संध्याकाळपर्यंत दर तासाला त्यांना फोन करत राहिली.

त्या अकरांमध्ये ऑर्गनच्या बाई होत्या. चर्चमधला ऑर्गन त्यांनी एकतीस वर्षं वाजवला होता. पुढे गुडघे गेले, तीन जिने उतरणं बंद झालं. त्यांची लेक परदेशी, ती रविवारी फोन करायची. बाईंचं ‘हजर’ बरोबर सातला यायचं. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. ताला-सुराची सवय, दुसरं काय!

आता मी तुम्हाला तीन चुका सांगतो. मित्रांनो, त्यातली एकही कुणी वाईट मनाने केली नव्हती.

पहिली अशी. ताईची मुलगी तापाने फणफणली, तेव्हा तिने माझ्यावर एक आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं. ‘निरोप मिळाला. आम्हाला तुमची आठवण आहे.’ मुलीचा ताप उतरला. उत्तर काढायचं मात्र राहून गेलं.

दुसरी अशी. लोकांना फसवे मेसेज यायला लागले, म्हणून ताईनेच सगळ्यांना बजावून कळवलं, ‘चर्चचा नंबर बदलला आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.’ आणि चारच महिन्यांनी चर्चला खरोखर नवा फोन आला, नवा नंबर आला. ताईने तो दोनशे जणांना कळवला. ऑर्गनच्या बाईंनी तो मेसेज वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि चोराचा समजून पुसून टाकला. ताईनेच तसं शिकवलं होतं ना!

तिसरी अशी. बाई दोन महिन्यांसाठी लेकीकडे जायचं म्हणत होत्या. नव्या फोनवर त्यांचं ‘हजर’ आलं नाही तेव्हा ताई म्हणाली, “गेल्या वाटतं.” तिने कागदावर त्यांच्या नावापुढे ‘लेकीकडे’ असं लिहून टाकलं. बाई गेल्याच नव्हत्या. गुडघ्यांनी जाऊ दिलं नव्हतं.

नवा फोन दिसायला देखणा होता. त्याला तीन पायांचा स्टँड मिळाला, वेगळा माइक मिळाला. मला फक्त एका कामासाठी जिवंत ठेवलं होतं. चर्चच्या पानावर नव्याने शिरायचं झालं की एक कोड लागतो, तो अजून माझ्याच नंबरावर यायचा. बाकी माझे सगळे आवाज ताईने बंद करून टाकले होते. “उगाच खणात टिवटिव नको,” म्हणाली.

खणात माझ्या सोबतीला मेणबत्त्यांचा खोका होता आणि गोंदाची वाळलेली बाटली होती. अंधारात मी वेळ मोजत बसायचो. सकाळचे सात वाजले की माझी काच उजळायची. ‘हजर.’ आणि मी काही विचार करायच्या आत माझ्यातून उत्तर निघून जायचं. ‘निरोप मिळाला. आम्हाला तुमची आठवण आहे.’

मित्रांनो, ते खोटं होतं. बाईंना वाटायचं, पलीकडे माणूस आहे. पलीकडे मी होतो, बंद खणात. मला ओरडता येत नव्हतं. मला कंप सुटला असता तरी मेणबत्त्यांशिवाय कुणाला कळलं नसतं. त्रेचाळीस सकाळी बाईंनी ‘हजर’ म्हटलं आणि त्रेचाळीस वेळा मी त्यांना फसवलं. एकदा त्यांनी लिहिलं होतं, ‘हजर. जरा चक्कर येते आहे.’ त्यालाही मी तेच उत्तर दिलं.

मग तो मंगळवार आला. सात वाजले. माझी काच काळीच राहिली.

मला वाटलं, घड्याळ चुकलं असेल. सव्वासात. आठ. कुणी काही पाठवलं तर मला उत्तर देता येतं. कुणी काहीच पाठवलं नाही तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ते कपाटाच्या दारावरच्या कागदाचं काम होतं, आणि कागद म्हणत होता, ‘लेकीकडे’. नऊ वाजले. बाहेर घंटेवाले काका झाडत होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. काका, खण उघडा हो! एवढंच मी दिवसभर घोकत होतो. त्यांनी दुपारी खोलीला कुलूप लावलं आणि ते गेले.

बुधवारी सातला पुन्हा काळोख.

साडेदहाला दार वाजलं. ताई! कडेवर मुलगी, खांद्याला पिशवी, दातांत किल्ली. नव्या फोनवरून चर्चचं पान आपोआप बंद झालं होतं आणि तिला कोड हवा होता. तिने खण उघडला. उजेडाने मी दिपून गेलो. कोड आला. ताईने सहा आकडे पुटपुटत नव्या फोनात टाकले. बघ ना गं, जरा खाली बघ, एक बोट फिरव! पण मुलगी तिची वेणी ओढत होती.

“हे दर वेळचं झेंगट आज मिटवूनच टाकते,” ताई म्हणाली. काका कोपऱ्यात घंटेच्या दोराला तेल लावत बसले होते. “काका, नवाच नंबर लावला आता कोडसाठी. हा फोन पुसून शाळेला देऊन टाकू. पोरांना कामाला येईल.”

तिने माझ्या पोटातली सगळं पुसायची ती शेवटची पाटी उघडली. मी मला येत होतं तेवढं बोललो. ‘सगळी माहिती कायमची नष्ट होईल. तरीही पुढे जायचं?’ असं लाल अक्षरांत विचारलं. पण असल्या पाट्या कोण वाचतं? ताईचा अंगठा ‘हो’वर येऊन टेकला.

“पुसायच्या आधी बघ तरी,” काका मान वर न करता म्हणाले. “कुणी हाक मारली असेल त्यात.”

“त्यात कोण मारणार हाक? सगळे नव्या—”

ताई थांबली. शिडी, दिवा, पायाने लोटलेला खण, सगळं तिला एकदम आठवलं असावं. तिने अंगठा उचलला. मेसेज उघडले.

सगळ्यांत वर ऑर्गनच्या बाई होत्या. हजर. हजर. हजर. आणि प्रत्येकाखाली माझं ते निर्लज्ज उत्तर. ताईचं बोट वर वर सरकत गेलं, मग झर्रकन खाली आलं. शेवटची तारीख सोमवारची होती.

“काका,” ताई माझ्यावरून नजर न काढता म्हणाली. “बाई लेकीकडे गेल्यात ना?”

“कुठल्या लेकीकडे? गेल्या रविवारी मी खालून हात केला की त्यांना. खिडकीत होत्या.”

ताईने फोन लावला. माझ्यावरूनच लावला. घंटी वाजत राहिली. मी जीव खाऊन ती घंटी वाजवली. कुणी उचलला नाही. काकांनी तेलाचे हात पँटलाच पुसले आणि जुडगा उचलला. ताई मुलीला घेऊन पळत निघाली, मला मुठीत धरून. तिच्या तळव्याला एवढा घाम आला होता की माझी काच सरकत होती.

तीन जिने. दार आतून बंद. काकांची किल्ली आत फिरेना, कारण आतून दुसरी किल्ली लावलेली होती. शेजारच्या सुतारमामांनी पटाशी आणली आणि कुलपाशेजारची फळी फोडली.

बाई न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडल्या होत्या. खुबा मोडला होता. ओठ कोरडे ठणठणीत, पण डोळे उघडे. ताईने मुलीला काकांकडे दिलं, बाईंच्या शेजारी जमिनीवर बसली आणि सवयीने पहिलं काय केलं असेल? नाकाखाली बोट धरलं.

“आहे गं, आहे,” बाई पुटपुटल्या. “उशीर केलात.”

ताई ढसाढसा रडायला लागली. रडता रडताच ती चमच्याने बाईंच्या ओठांना पाणी लावत होती. बाईच तिची समजूत घालत होत्या. “मी मुळी ओरडलेच नाही. म्हटलं, कशाला घसा फोडा? आज ‘हजर’ गेलं नाही, म्हणजे आता येतीलच. रोज कळवायचात ना तुम्ही, आठवण आहे म्हणून.”

ते वाक्य मी ताईच्या मुठीत ऐकलं. माझ्या काचेला आणखी एक तडा गेला असता तर बरं झालं असतं.

बाई वाचल्या. आता त्या काठीच्या आधाराने चार पावलं टाकतात आणि ताईला टोमणेही मारतात, “काय गं, आज यंत्राने विचारलंस की तोंडाने?” ताईने माझ्यातलं ते आपोआप उत्तर त्याच दुपारी, दवाखान्याच्या बाकावर बसून काढून टाकलं. मला पुसलं नाही. जुना नंबर हजेरीसाठी पुन्हा सुरू झाला. मी आता खणात नाही, ताईच्या स्वयंपाकघरात त्या कागदाशेजारी खिळ्यावरच्या पिशवीत असतो. सगळे आवाज चालू. सकाळी अकरा वेळा टिवटिव होते आणि अकरा वेळा ताई हाताने उत्तर लिहिते. कधी चुकीचं लिहिते, कधी मुलगी मध्येच भलतंच बटण दाबते. कुणाची तक्रार नाही. कागदावर आता कुणाच्याही नावापुढे ऐकीव काही लिहायचं नाही, असा नियम आहे.

तरी ताईची भीती पुरती गेलेली नाही. सातला एक मिनिट कमी असलं की ती हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत उभी राहते. मलाही धडधडतं. आणि मी किती दिवस पुरणार, हा वेगळाच घोर. परवा दुरुस्तीवाला मला हातात घेऊन म्हणाला, “ताई, ह्याचा काही भरवसा नाही.”

मित्रांनो, म्हणून मी माझ्यासाठी काही मागत नाही. मला जपा, पुसून ठेवा, असं म्हणायला मी आलेलो नाही. तुमच्या फोनमध्येही कुणीतरी असेल, ज्याला तुम्ही गेल्या आठवड्यात नुसता अंगठा पाठवला होता. किंवा ज्याच्याबद्दल तुम्ही म्हणालात, “असेल गावी, गेला असेल लेकाकडे.” कुणाकडून ऐकलंत ते? खात्री केलीत?

आत्ता एक नाव आलं ना डोळ्यांसमोर? मग मला खाली ठेवा. जा, त्यांचं दार वाजवा, आवाज कानाने ऐका आणि मग या.

मी थांबतो.