पाचवा हिस्सा

तिने पिंजऱ्याखालचं काचेचं नरसाळं काढलं, उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं, पुन्हा विसळलं आणि ते पाणीही बाटलीत ओतलं. उंदराच्या लघवीचा एक थेंबही वाया जाता कामा नये. लेंड्या आधीच डबीत गोळा झाल्या होत्या.

"हे पाणीही मोज," ती नवऱ्याला म्हणाली.

"सकाळपासून धुणीभांडीच चाललीयत तुझी," तो मोजणीयंत्रापाशी बसल्या बसल्या म्हणाला. एकाच प्रयोगशाळेत ती उंदीर सांभाळी आणि तो यंत्र. त्यामुळे घरचं भांडण इथे आणि इथलं घरी, असा त्यांचा संसार मजेत चालला होता.

आज मात्र दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. फिट्सवरचं हे नवं औषध तिचं, कित्येक वर्षांच्या खटपटीचं. त्यातल्या एका कार्बनला किरणोत्सारी खूण केलेली होती, म्हणजे औषध उंदराच्या शरीरात मोडून कुठल्याही रूपात बाहेर पडलं तरी यंत्राने ओळखावं. लघवीत सापडलं, लेंड्यांत सापडलं, पण सगळं मिळवूनही पाचवा हिस्सा गायब. तो यकृतात नाहीतर मेंदूत ठाण मांडून बसला असेल, तर असलं औषध माणसाला कोण देणार? विभागप्रमुख बाईंनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत हिशेब लागला नाही तर काम बंद.

"पाण्यात काही नाही," तो म्हणाला.

"तुझं यंत्र झोपलंय."

"तूच कुठेतरी सांडलंयस."

"मी? घरी दूध उतू कोण जाऊ देतं रे?"

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने मास्कमध्येच मोठा सुस्कारा टाकला आणि चष्म्यावर वाफ जमली. चष्मा काढून ती एप्रनला पुसू लागली. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"आपण उंदीर कुठे ठेवलेत?"

"पिंजऱ्यात. आणखी कुठे?"

"जाळीच्या पिंजऱ्यात! अरे, वेडे आहोत आपण!"

काचेच्या बंद भांड्यात उंदीर बावरतात, म्हणून जाळीचे पिंजरे तिनेच हट्टाने घेतले होते. याआधीचं एकही औषध श्वासावाटे गेलं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. खुणेच्या कार्बनचा वायू झाला असेल, तर तो जाळीतून केव्हाच निसटला होता.

तिने नव्या उंदराला औषध दिलं आणि त्याला काचेच्या भांड्यात बसवलं. त्याने सोडलेली हवा नळीतून अल्कलीच्या बाटलीत बुडबुडू लागली. ही बाटली वायू धरून ठेवते. नवऱ्याने पहिली बाटली काढून यंत्रात घातली, मग दुसरी, मग तिसरी. तिसरीचा आकडा पाहताच तो उठला आणि त्याने तिला चक्क उचललंच.

"आहे गं! यात आहे!"

"खाली ठेव, बाई आल्या."

बाई दारात उभ्या होत्या. तिने धापा टाकत सगळं सांगितलं. आनंदाने तिचा आवाज फाटत होता.

"किती सापडलं?" बाईंनी विचारलं.

"हरवलेल्यातलं निम्मं. पण अजून येतंय, बाई. प्रत्येक बाटलीत येतंय."

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्या काचेच्या भांड्याला नाक लावून बसल्या. आत उंदीर अंगाचं मुटकुळं करून निवांत पडला होता. त्याचं पोट वरखाली होत होतं.

"सोड रे बाळा," बाई हळूच म्हणाल्या. "अजून थोडं सोड."